‘उतर’ म्हणेपर्यंत

सोमवार, १० जानेवारी १९८३

दिवाळीनंतर या वहीत एक अक्षर लिहिलं नाही, त्याबद्दल आधी तिची माफी मागतो. वहीची माफी मागणं हास्यास्पद आहे हे कळतं. पण रोज लिहीन असं पहिल्या पानावर मीच लिहून ठेवलं होतं, आणि दिलेला शब्द वहीला दिला म्हणून हलका होत नाही. कारणं सांगायची तर पुण्याची नोकरी सुटली, सामान निपाणीला आणलं, बेळगावात खोली शोधली. यातलं एकही कारण संध्याकाळच्या चार ओळींच्या आड येण्याएवढं मोठं नव्हतं. असो.

आजपासून उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत ‘सुरक्षा व प्रशिक्षण अधिकारी’ म्हणून रुजू झालो. हुद्दा लांबलचक, टेबल मात्र स्टोअरच्या कोपऱ्यात, गोणपाटांच्या शेजारी. काम मनाजोगतं आहे. फोर्कलिफ्ट चालवणारी नवी माणसं तयार करायची, त्यांची परीक्षा घ्यायची आणि पास होईल त्याला माझ्या सहीचं प्रमाणपत्र द्यायचं. प्रमाणपत्राशिवाय कुणी गाडीवर बसायचं नाही, असा विमा कंपनीचा आग्रह आहे. माझ्या सहीवर एखाद्याचा जीव अवलंबून असेल ही कल्पना मला ओझ्याची वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर आज ती आवडली.

अनगोळला खोली मिळाली. घरमालकीण अक्काताई यांनी पहिल्याच दिवशी भाकरी आणि लसणाची चटणी आणून दिली. कारखाना सायकलच्या अंतरावर. बायको जया तिच्या शाळेतल्या नोकरीमुळे निपाणीलाच राहील, दर रविवारी मी जाईन. आई वखारीत तंबाखू चाळायची, तिचा खोकला ऐकत वाढलास म्हणून तू या धंद्यात आलास, असं जया म्हणते. मला ते एवढं सरळ वाटत नाही; पण नाहीच असंही म्हणवत नाही.

वर्क्स मॅनेजर मारुतीराव मोकळ्या स्वभावाचे. साहेब इथं आम्ही एकच ठेवलाय, तो मालक, तुम्हाला ‘मास्तर’ म्हणू का, असं त्यांनी विचारलं. संध्याकाळपर्यंत सगळा कारखाना मला मास्तर म्हणू लागला होता.

गुरुवार, १३ जानेवारी

काल खडेबाजारातून वाण्याची जुनी तागडी आणली. आज पहिला वर्ग तिच्यावरच घेतला. फोर्कलिफ्ट म्हणजे चाकांवरची तागडी. पुढच्या लोखंडी फोर्कवर माल, मागच्या बाजूला बिडाचा जड ठोकळा, आणि पुढची चाकं म्हणजे टेकू. माल ठोकळ्याला भारी झाला की मागची चाकं उचलतात आणि गाडी तोंडावर पडते. म्हणून किती वजन उचलायचं ते गाडीवरच्या पाटीवर लिहिलेलं असतं.

शिकाऊ दोघे. शामू जांबोटीच्या बाजूचा, पंचविशीचा, कमी बोलणारा. जंगलातून चालत येऊन पहाटेची बस धरतो. बायकोला, यशोदाला, सातवा महिना आहे. दुसरा कल्लाप्पा, खानापूरकडचा, जिभेला हाड नसलेला. तागडी बघून म्हणाला, “म्हंजे मास्तर, बायकू म्होरं, सासू मागं, आन् मधी आमी टेकू.” मलाही हसू आवरलं नाही. भीमाप्पा बाजूला पेटीवर बसून ऐकत होता. इतकी वर्षं गाडी तोच चालवत आलाय; आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, म्हणून ही नवी भरती.

पाटीपेक्षा माल जड असेल तर काय करायचं, असं मी विचारलं. उचलायचा नाही, हे उत्तर. कल्लाप्पा म्हणाला, “मागं माणूस बसवायचा की.”

ही इथली रीत आहे म्हणे. माल जड झाला की एक जण मागच्या ठोकळ्यावर चढून बसतो. बसला की तळव्यानं लोखंडावर दोन थापा मारतो. याचा अर्थ, बसलो, उचल. चालवणारा मागं बघत नाही, फक्त थापा ऐकतो. माल खाली टेकला की तो ओरडतो, “उतर!” तेव्हाच मागच्यानं उतरायचं. त्याआधी काहीही झालं तरी नाही. माल वर असताना मागचं वजन गेलं तर गाडी पुढं कोसळते आणि तिथं साचे भरणारे मोल्डर तिच्याखाली येतात. कल्लाप्पानं हे असं सांगितलं, जणू कुणाचं तरी व्रत सांगतोय.

मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : मागे माणूस बसवणे बंद. गाडी हलवण्याआधी मागे वळून बघणे सक्तीचे.

शामूनं हात वर करून विचारलं, “आन् आधीच कुनी बसलं आसंल तर?”

कल्लाप्पा खो खो हसला. भीमाप्पा हसला नाही.

मंगळवार, १८ जानेवारी

शिकवणी ठीक चाललीय. अंगणात चुन्याच्या रेघा आखल्या, रिकामी पिंपं ठेवली. रोज सुरू करण्याआधी टायर, साखळी, ब्रेक, भोंगा तपासायचा हे शामूच्या हाडात भिनलंय. फोर्क जमिनीलगत ठेवून वळतो, उतारावर माल घेऊन उलटा उतरतो. मागं वळून बघायला मात्र त्याची मान तयार होत नाही. भीमाप्पाचीही होत नसे. काल त्याला एकदा गाडी चालवून दाखवायला सांगितलं, तर तो बसला, हात लिव्हरवर ठेवला आणि मान जराशी तिरपी करून थांबला. कशाची तरी वाट बघितल्यासारखा. मग उचलली.

एक गोष्ट लिहून ठेवतो. बहुतेक क्षुल्लक आहे. फौंड्रीत सगळ्यावर काळी वाळू बसते. माझ्या चहाच्या कपातसुद्धा. गाडीच्या मागच्या ठोकळ्यावर मात्र एक जागा स्वच्छ आहे, माणूस बसेल एवढी, गुळगुळीत झालेली. पाराच्या दगडाला म्हातारी माणसं बसून बसून जशी लकाकी येते, तशी. माझी मनाई असताना कुणी बसतंय का, असं कल्लाप्पाला विचारलं. एरवी शब्दाला शब्द देणारा माणूस. आज टायरात हवा किती आहे ते बघायला निघून गेला.

शनिवार, २२ जानेवारी

आज अपघात होता होता राहिला. की नाही राहिला? नेमकं काय झालं तेच मला ठरवता येत नाही, म्हणून दिसलं तेवढंच लिहितो.

शामूच्या सरावासाठी साच्याची रिकामी पेटी ठेवायला सांगितली होती. ठेवणाऱ्यानं चुकून भरलेली ठेवली; वाळू आणि आतलं ओतकाम धरून ती पाटीवरच्या वजनाच्या दीडपट तरी असणार. शामूनं ती उचलली. मी ओरडेपर्यंत पेटी कमरेएवढी वर गेली होती. मागची चाकं जमिनीवरून उचलायला हवी होती. उचलली नाहीत. जरा वर आल्यासारखी झाली आणि पुन्हा टेकली, कुणीतरी सरसावून मागं बसल्यासारखी.

पेटी खाली घ्यायला लावली. शामूचा चेहरा पांढरा पडला होता, पण आश्चर्य त्याला वाटलेलं दिसलं नाही. आश्चर्य फक्त मला वाटलं होतं.

दुपारी गाडी शेजारच्या भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर नेली. पाटीवर गाडीचं स्वतःचं वजनही लिहिलेलं असतं; त्यापेक्षा ती जड भरली. फार नाही. एका माणसाइतकी. वंगण, चिकटलेलं लोखंड, काट्याचा दोष, अशी तीन कारणं मी शोधली. काटेवाला म्हणाला, त्याचा काटा गेल्याच महिन्यात तपासून घेतलाय.

मंगळवार, २५ जानेवारी

डबा खायच्या सुट्टीत भट्टी शांत असते. अंगणात ऊन होतं, गाडी एकटी उभी होती. मी पिंपं मोजून सरळ लावत होतो. मागून दोन थापा ऐकू आल्या. ओल्या तळव्याच्या, लोखंडावर.

वळलो. कुणी नव्हतं. गाडी बंद होती, किल्ली माझ्या खिशात.

हे मला ऐकू आलं की ऐकू यावं असं वाटलं? रीत सांगितली गेली नसती तर मी याला लोखंड तापल्याचा आवाज म्हटलं असतं. पण लोखंड तापल्यावर दोनदाच कसं वाजेल, आणि एकसारखं?

वाळू चाळणारी गंगव्वा सावलीत भाकरी खात होती. मी न विचारताच म्हणाली, “बसलाय न्हवं का त्यो. उचला म्हंतोय.”

तिचा मुलगा. रवळू. मागं बसायचं काम त्याचं होतं. अंगानं थोराड, म्हणून लहानपणापासून सगळे त्याला ओझ्याच्या कामाला लावत. दोन वर्षांपूर्वी एक जड पेटी वर असताना फोर्कची एक साखळी तुटली. भीमाप्पाकडून मी पुढचं काढून घेतलं, जबरदस्तीनंच म्हणायला हवं. गाडी डोलली. रवळूला उडी मारता आली असती. मारली असती तर पेटी समोरच्या मोल्डरांवर गेली असती. तो चिकटून बसून राहिला. मोल्डर पळाले, मग गाडी आडवी झाली आणि तो खाली सापडला. “उतर म्हनायचं हुतं मला,” भीमाप्पा म्हणाला. “त्वांडातनं आवाजच आला न्हाय, मास्तर. अजून न्हाय येत. रोज गाडीवर बसलो की वाटायचं, आज म्हनतो. आन् म्हनायचो न्हाय. त्यो उतरला तर कुटं जाईल, ह्ये भ्या वाटायचं.”

म्हणून तो अजून बसलाय. कुणी उतर म्हटलं नाही म्हणून.

मी विज्ञान शिकलेला माणूस आहे. आमच्या घरात अंगारा नाही, उतारा नाही. वडिलांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ते सगळं घराबाहेर गेलं. या वाक्यानं मला आज धीर यायला हवा होता.

गुरुवार, २७ जानेवारी

मारुतीरावांना स्पष्ट विचारलं. ते नाकारतील असं वाटलं होतं. त्यांनी दार लावून घेतलं आणि हसत म्हणाले, “फुकटचं वजन हाय मास्तर. रजा मागत न्हाई, भत्ता मागत न्हाई. नवी मोठी गाडी घ्यायची म्हटलं तर मालक माझं डोस्कं फोडतील. तुमी तुमची परीक्षा घ्या की.”

मेलेल्या माणसालाही शिफ्ट संपवू देत नाहीत. खोलीवर येताना मला भीतीपेक्षा राग जास्त होता. ते बरं वाटलं.

शनिवार, २९ जानेवारी

शामू पास झाला. नियमानं, एकही चूक न करता. आज तर मानही वळवून मागं बघितलं. प्रमाणपत्रावर सही केली. तो पाया पडायला वाकला, मी अडवलं. कल्लाप्पाला अजून महिनाभर लागेल. त्यानं “मास्तरचा लाडका” म्हणून शामूला चिडवून घेतलं.

पण सही वाळायच्या आतच मनात आलं : हा मुलगा शिकलाय ती गाडी खोटी आहे. पाटीवर एक, प्रत्यक्षात दुसरं. गाडी किती पेलेल हा अंदाज त्याच्या हाताला या गाडीनं लावला, तो एका मेलेल्या माणसाच्या जोरावर. माझ्या सहीखाली खोटं वजन राहू नये.

आणि गंगव्वा. हेही कारण होतं. कुठलं आधी आलं हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

पाळी सुटल्यावर गाडीच्या आसनावर बसलो. गंगव्वा दूर चाळणीपाशी उभी होती. मला वेडगळ वाटत होतं; दोनदा तोंड उघडून मिटलं. भीमाप्पाचा आवाज का निघाला नसेल ते तेव्हा कळलं. तरी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो.

रवळू, उतर.

माझ्याखाली गाडी हलली. मागचे टायर किंचित फुगल्यासारखे वर आले. मग जमिनीवर पाय टेकल्याचा आवाज. चपलेचा नाही, अनवाणी.

गंगव्वानं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, ती रडतेय.

सोमवार, ३१ जानेवारी

गाडी पुन्हा काट्यावर नेली. वजन पाटीबरहुकूम भरलं, अगदी बरोबर. समाधान वाटलं. एक माणूस सुटला, एक गाडी खरी झाली. ठोकळ्यावरच्या त्या जागेवर आज काळी वाळू बसलीय.

काल निपाणीला गेलो नाही. अंग जड होतं. आज सायकलही जड चालली; अनगोळच्या चढावर खाली उतरून ती ढकलत न्यावी लागली. मागच्या चाकात हवा कमी असावी.

बुधवार, २ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या मष्णूच्या दुकानात हवा भरली. त्यानं टायर बघून सांगितलं की मागचा पार बसलाय, ट्यूब चिरडलीय. मग हसून म्हणाला, “डबल सीट कुनाला आनताय वो रोज? एवढा दांडगा गडी, चालत येऊंदे की.”

मी म्हणालो, मी एकटाच असतो.

त्यानं माझ्या मागं बघितलं. मग तो हसायचा थांबला आणि दुसऱ्या सायकलीकडे वळला.

येताना कॅरिअरवर दोन थापा. रस्त्यात गर्दी होती, दिवस होता. मी पडलो. गुडघा फुटलाय.

गुरुवार, ३ फेब्रुवारी

सायकल दुकानातच ठेवली. चालत गेलो. चालताना टाचांवर भार येतो. पाठ मागं ओढली जाते, जिना चढताना पुढं वाकावं लागतं. खांद्यांवर काही नाही. मागं आहे. पाठीच्या मागं, बसल्यासारखं.

हे मनाचं असेल तर मोजता येईल, असं ठरवून बस स्टँडवर गेलो. तिथं वजनाचं यंत्र आहे, नाणं टाकलं की तिकीट येतं. उभा राहिलो. चक्र फिरलं, दिवे लागले. तिकिटावर दोन माणसांचं वजन.

दुसरं नाणं टाकलं. तेवढंच.

मग रांगेतल्या एका बाईला उभं केलं. तिचं वजन बरोबर आलं. ती म्हणाली, यंत्र चांगलं आहे की हो.

तिकिटाच्या पाठीमागं भविष्य छापलेलं असतं. वाचलं नाही.

निपाणीची बस समोर लागलेली होती. जया वाट बघत असेल. गेलो नाही. हे घेऊन तिच्या दारात कसा उभा राहू? तो उतरून तिच्या मागं —

शुक्रवार, ४ फेब्रुवारी

गंगव्वाकडे गेलो. ती माझ्याकडे बघतच नव्हती. खांद्यावरून मागं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत माया होती. तीच मला सहन झाली नाही.

मी म्हणालो, मी त्याला सोडवला ना? मग?

“उतर म्हनलासा, उतरला. जा म्हनून कोन म्हनलं? आन् जाईल कुटं? तेला दुसरं काय येतंय? मागं बसायचं, थापा मारायच्या, वाट बघायची. ज्यानं उतरवलं त्येच्या मागं बसला.”

तिथंच, तिच्यासमोर, म्हणालो, रवळू, जा. जा बाबा.

दोन थापा. माझ्या पाठीवर, खांद्यांच्या मधे. थंड. अजून तिथं ओल आहे असं वाटतं. सदरा काढून बघितला, कोरडा आहे.

तो जायला तयार नाही असं नाही. जा म्हणजे काय हे त्याला कळत नाही. उचल — एवढंच त्याला माहीत आहे. बसलो, उचल.

काय उचलू?

शनिवार, ५ फेब्रुवारी

समजलं काय उचलायचं ते.

सोमवारी सकाळी साखर कारखान्याचा मोठा ओतीव भाग ट्रकवर चढवायचा आहे. वजन पाटीच्या दुप्पट. गाडीवर शामू. मारुतीरावांना म्हणालो, ही गाडी तो भाग पेलणार नाही. त्यांनी डोळा मिचकावला. रवळू हाय की.

नाही, म्हणालो. तो गाडीवर नाही. मी उतरवला.

आधी हसले. मग म्हणाले, मग कल्लाप्पा बसंल मागं. तुम्ही रजा घ्या मास्तर, तुमचं डोळं बघा आरशात.

कल्लाप्पा एकटा पुरणार नाही. तागडी काढून दाखवली, मांडून दाखवलं. कल्लाप्पा वजनानं काडी. गाडी तोंडावर जाईल, शामू आसनात, समोर मोल्डर. आणि कल्लाप्पा उडी मारणार नाही. उतर म्हणेपर्यंत कुणी उडी मारत नाही इथं. हेच तर —

किल्ली खिशात घालून आलो. कल्लाप्पानं हसत हाक मारून सांगितलं, तार जोडली की चालू होतीया, मास्तर. त्याला हे सगळं गमतीचं वाटतंय.

सरकारी निरीक्षकांच्या कचेरीत गेलो. साहेब दौऱ्यावर. मंगळवारी भेटतील.

सोमवार मंगळवारच्या आधी येतो.

रविवार, ६ फेब्रुवारी, जांबोटीहून परत

शामूच्या घरी गेलो. बसपासून पुढं चालत. रान, शेतांचे बांध, पाणी सोडलेलं होतं. एकदा मागं वळून बघितलं. माझ्याच पावलांचे ठसे, एकाच माणसाचे. पण घोट्यापर्यंत रुतलेले.

प्रमाणपत्र त्यानं फ्रेम करून देवांशेजारी लावलंय. त्यालाही कुंकू.

सगळं सांगितलं. गाडीवर बसू नकोस म्हणालो. यशोदा दारात, पोटावर हात. मी न्हाय बसलो तर कल्लाप्पाला बसवत्याल, शामू म्हणाला, त्याला तर आजून वळाय बी येत न्हाय. “आन् तुमची सही हाय की, मास्तर. तुमी उगंच करनार न्हाय सही.”

सही.

मी खरंच उगाच केली नव्हती. तो उत्तम चालवतो. तेच —

गोठ्यातली म्हैस दावं तोडायला बघत होती. माझ्याकडे तोंड करून. यशोदानं मला पाण्याचा तांब्या दिला, मग आत जाऊन दुसरा आणला. कुणासाठी, विचारलं नाही. तिलाही सांगता आलं नसतं, असं वाटतं.

रविवार, संध्याकाळ

घाबरलोय. हे लिहून ठेवायला हवं. धाडस म्हणून कुणी वाचू नये हे.

दोन माणसांचं वजन माझ्यापाशी आहे. यंत्रानं सांगितलं. कल्लाप्पाऐवजी मी मागं बसलो तर तागडी — मांडून बघितलं — जवळजवळ —

पुन्हा मांडलं. जवळजवळ.

मीच फळ्यावर लिहिलं होतं. मागे माणूस बसवणे बंद.

दुसरा काही मार्ग? गाडीसमोर आडवा पडलो तर उचलून बाजूला ठेवतील, चौघे लागतील, विचारात पडतील, पण ठेवतील. टायर फाडले तर दुपारपर्यंत बदलतील. उद्या नाही तर परवा, आणि परवा मी नसेन, कल्लाप्पा असेल. मला पळायचंय म्हणून मी मार्ग शोधतोय, की मार्ग नाही म्हणून — कळत नाही. जयाला काय लिहू? बसलो असतो आज निपाणीच्या बसमध्ये तर —

भीती मरणाची नाही. तेही खरं नाही, तीही आहे. पण दुसरी जास्त. साखळी सुटली, गाडी डोलली, आणि शामूचा आवाज भीमाप्पासारखा घशातच राहिला तर? मी बसून राहीन. उडी मारता येणार नाही. मागं तो, त्याच्या पुढं मी. वाट बघत. किती वर्षं —

आत्ता. खुर्चीच्या पाठीवर. दोन —

अक्काताई खालून विचारतायत, वर कोण आलंय, एवढं काय वाजतंय. मी म्हणालो, कुणी नाही. पुन्हा दोन. खुश आहे तो. त्याला कळलंय. मी लिहितोय ते त्याला —

मी पुढं सरकतोय. खुर्चीचे पुढचे पाय उचल

उद्या : कल्लाप्पाऐवजी मी मागे बसणे; काहीही झालं तरी ‘उतर’ म्हणायला विसरू नकोस, हे शामूला सांगणे.